चिपांची खंडेनवमी

माझ्या पीएचडीच्या प्रबंधात मोजमापाचं प्रकरण नाही. या विषयातल्या माणसानं तो चाळला की पहिला प्रश्न तोच येतो. डिझाइन आहे, गणित आहे, कॉम्प्युटरवर काढलेले आलेख आहेत, मग प्रत्यक्ष चिप मोजून का नाही पाहिली? मी वेळोवेळी वेगवेगळी उत्तरं देऊन सुटका करून घेतली. खरं उत्तर आता लिहायला हरकत नाही. ज्यांच्यापासून ते लपवायचं होतं ते माझे बाबा आता नाहीत, आणि मी लपवूनही त्याचा काही उपयोग झाला नाही.

दोन हजार नऊ-दहाचा सुमार होता. मी पनवेलच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते आणि मुंबईतल्या एका सरांच्या हाताखाली संशोधन करत होते. विषय होता मायक्रोवेव्हचे फेज शिफ्टर. नाव ऐकून लोक लगेच दुसरा विषय काढतात, म्हणून सोपं करून सांगते. रडारची गरगर फिरणारी तबकडी सगळ्यांनी पाहिलेली असते. ती फिरवायची नसेल, तर एका फळीवर खूप लहान अँटेना बसवायच्या आणि प्रत्येकीकडे जाणारी लहर शेजारणीपेक्षा किंचित उशिरा पोचवायची. फळी जागची हलत नाही, झोत मात्र हवा तिकडे वळतो. हा उशीर मोजून-मापून करणारा भाग म्हणजे फेज शिफ्टर.

माझा फेज शिफ्टर काचेच्या तुकड्यावर होता. त्यावर लहरीसाठी सोन्याची सरळ वाट, आणि वाटेवर ठरावीक अंतरानं सोन्याच्याच पातळ पत्र्याचे आडवे पूल. पूल आणि वाट यांच्यामध्ये दोन मायक्रॉनची फट. केस आपल्याला बारीक वाटतो, पण तोही या फटीत मावणार नाही. पुलाला व्होल्टेज दिलं की तो जरासा खाली ओणवतो, फट कमी होते, पूल आणि वाट मिळून जो कपॅसिटर बनतो त्याची क्षमता वाढते आणि लहर मंदावते. व्होल्टेज काढलं की पूल पुन्हा वर. ऐकायला इतकं सरळ आहे की मलाही सुरुवातीला वाटलं होतं, दोन वर्षांत उरकेल.

पण पूल महा हट्टी. एक तृतीयांश फट उतरेपर्यंत तो शहाण्यासारखा वागतो, त्यापुढे गेला की धाडकन खाली आपटतो. म्हणजे सगळा खेळ त्या वरच्या तिसऱ्या हिश्शातच खेळायचा. पूल जास्त टाकावेत तर लहर छान मंदावते, पण वाटेतच निम्मी विरून जाते. कमी टाकावेत तर मंदावतच नाही. रुंद केले तर काही लहर आल्या पावली मागे फिरते. पत्र्यात ताण राहिला तर व्होल्टेज वाढवावं लागतं, ताण सुटला तर पूल पोट सुटल्यासारखा फुगतो. पुलाची रुंदी आणि दोन पुलांमधलं अंतर या दोन आकड्यांवर मी माझ्या तिशीतली चांगली वर्षं घातली. विद्यार्थी मला पाठीमागे ‘दोन मायक्रॉन मॅडम’ म्हणायचे. मला ते आवडायचं, हे त्यांना कधी कळू दिलं नाही.

घरात मी आणि बाबा. आई मी शिकत असतानाच गेली होती. लग्नानंतरही मी बाबांजवळ राहिले, कारण नवऱ्याची नोकरी पुण्यात होती आणि तो शनिवारी यायचा. बाबांचं लहानपण मिठागरात गेलं. जमीन सरकारनं घेतली, मग ते उरणकडे बंदरात क्रेन चालवायला लागले आणि तिथूनच रिटायर झाले. खाडीवरचं घर जाऊन आम्ही पनवेलात तिसऱ्या मजल्यावर आलो. बाबांना ती इमारत कधी मानवली नाही. चप्पल दाराबाहेर काढून ते स्वतःच्याच घरात पाहुण्यासारखे आत यायचे.

माझं काम काय, हे त्यांना समजून घ्यायचं होतं. बरेच दिवस मी ‘तुम्हाला नाही कळायचं’ म्हणून टाळलं. मग एकदा मिठागराच्या बांधाला असते त्या उघाडीचं उदाहरण दिलं. भरतीचं पाणी आत घ्यायची ती लाकडी फळी. म्हटलं, बाबा, पाण्याच्या वाटेवर एकामागे एक पुष्कळ उघाड्या आहेत असं धरा, आणि सगळ्या थोड्या थोड्या खाली केल्या. पाणी थांबणार नाही, पण उशिरा पोचेल. तेच मी करते, फक्त पाण्याच्या जागी लहर.

ते म्हणाले, “मंग तुजा काम आपल्यातलाच हाय की. मी बोललो हिला विमानातला कायतरी येडावाकडा शिकवतान.”

त्या दिवसापासून ते सगळीकडे सांगत सुटले. तेव्हा पनवेलला विमानतळ येणार, विमानतळ येणार असं नुसतं बोलणं चालू होतं आणि आमच्या नातेवाइकांपैकी कितीतरी जणांची गावं त्यात जाणार होती. हळदीच्या मांडवात, पळस्प्याच्या चहाच्या टपरीवर, जिथे जागेचा विषय निघे तिथे बाबा आपलं घोडं पुढे दामटत. “जमिनी जातील त्या जातील. पन विमानं येतील ना, तवा त्यांना वाट दावनारा यंत्र माज्या बायचा असंल.” मी त्यांना हजारदा सांगितलं की बाबा, असं काही नसतं, हा अजून कागदावर आहे. ते मान डोलवायचे आणि पुढच्या माणसाला पुन्हा तेच सांगायचे. ज्या माणसाचं सगळं गेलं, त्याला एवढी एक फुशारकी मी कुठल्या तोंडानं नाकारणार होते?

आमच्याकडे खंडेनवमी म्हणजे मोठं काम. दसऱ्याच्या आदल्या दिवशी घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडायची. कोयता, विळी, मिठागरातलं जुनं फावडं, बाबांचे पाने, आईचं शिलाई मशीन. आधी प्रत्येक वस्तू ओल्या फडक्यानं पुसायची, मग हळद-कुंकू, मग फूल. ज्याच्यावर आपलं पोट चालतं त्याच्यावर वर्षभराची धूळ राहू द्यायची नाही, हा बाबांचा नियम. दर वर्षी पूजेला बसताना ते मला विचारायचे, “सगल्यांचा हत्यार आला. तुजा कंचा?” मी लॅपटॉप आणून ठेवायचे. ते नाइलाजानं त्याला कुंकू लावायचे. म्हणायचे, “ह्यो तर आफिसातल्या कारकुनाकडंपन असतो.”

शेवटी चिपा आल्या. बंगळूरच्या एका प्रयोगशाळेत अशा चिपा बनवतात, पण त्यात बऱ्याच जणांची डिझाइनं एकत्र घेतात आणि माझ्यासारखीचा नंबर लागायला जीव टांगणीला लागतो. पुलाखाली आधी एक थर ठेवतात, त्यावर सोनं चढवतात आणि सगळ्यात शेवटी तो थर विरघळवून काढतात. मग पूल खरोखरच हवेत अधांतरी राहतात. अशा चिपेवर बोट टेकवायचं नाही, फुंकर मारायची नाही, आणि पाण्याचा तर थेंबही नको. पुलाखाली पाणी शिरलं की सुकताना ते पुलाला खाली ओढतं आणि तो तिथेच चिकटून बसतो.

डबी उघडून मी बाबांना चिपा दाखवल्या. नखाएवढे चकचकीत तुकडे. त्यांनी चष्म्यावर भिंग धरून पाहिलं आणि श्वास रोखून विचारलं, “हात नको ना लावू?” मी म्हटलं, नको, धुळीचा एक कण बसला तरी संपलं. त्यांनी ते पक्कं लक्षात ठेवलं.

मोजमाप मुंबईत सरांच्या प्रयोगशाळेत व्हायचं होतं. तिथलं यंत्र मला दसऱ्यानंतर मिळणार होतं. सुट्टीत आमच्या कॉलेजची लॅब बंद, वीजही बंद, आणि खाडीवरच्या दमट हवेत चिपा तशाच ठेवायचं मला धाडस होईना. म्हणून मी त्या घरी आणल्या. ओल शोषून घेणाऱ्या पुड्या घालून घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात बंद केल्या आणि डबा माझ्या कपाटात ठेवला. यात चूक काय होतं, ते मी आजवर शोधते आहे.

खंडेनवमीला सकाळी मी झेंडू आणि आपट्याची पानं आणायला बाजारात गेले. परत आले तर पूजा मांडून तयार. बाबा अंघोळ करून, पांढरं धोतर नेसून बसले होते. पाटावर कोयता, फावडं, पाने, आणि सगळ्यांच्या पुढे, केळीच्या पानावर, माझ्या चिपा. नीट एका ओळीत. प्रत्येकीच्या कोपऱ्यावर काडीच्या टोकानं लावलेला कुंकवाचा ठिपका, आणि अख्खं फूल जड होईल म्हणून प्रत्येकीला झेंडूची एकेक पाकळी. शेजारी वाटीत पाणी, आणि आईच्या जुन्या सुती पातळाचा मऊ तुकडा, पिळून ठेवलेला.

बाबा माझ्याकडे बघून हसले. असे हसले की आई गेल्यापासून मी त्यांना तसं हसताना पाहिलं नव्हतं.

“या साली तुजा खरा हत्यार आला,” ते म्हणाले. “धूल होती जराशी. एकदम हलक्या हातानं पुसलाय. तुज्या आईचा लुगडा घेतला, मऊ हाय म्हनून.”

ओरडावंसं वाटलं, वाटी भिरकावून द्यावीशी वाटली. मी फुलांची पिशवी खाली ठेवली, पाय धुऊन आले आणि त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी आरती म्हटली, मी टाळ्या वाजवल्या. त्यांनी हातावर साखर ठेवली, ती खाल्ली. त्यांच्या हातांना अजून कुंकू लागलेलं होतं. त्या हातांना मी काय सांगू? मी तिथेच ठरवलं, हे त्यांना कधीही कळता कामा नये. पदवी राहो न राहो.

सुट्टी संपल्यावर चिपा मायक्रोस्कोपखाली पाहिल्या. काही पूल फडक्याबरोबर निघूनच गेले होते, उरलेले खाली चिकटले होते. कुंकवाचे कण सोन्याच्या वाटेत घट्ट बसले होते. एकही पूल उभा नव्हता. सरांना खरं ते सांगितलं. ते आधी हसले, मग माझं तोंड पाहून त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला. बंगळूरला पुन्हा नंबर केव्हा लागेल, ते त्यांच्याही हातात नव्हतं. तो लागला नाहीच. प्रबंध कागदावरच्या आकड्यांवर पुरा झाला आणि मला पदवी मिळाली. माझे पूल प्रत्यक्षात किती वाकले असते, लहर किती मंदावली असती, हे मला या जन्मी कळणार नाही. त्याचं दुःख आहेच, आणि ते लहान नाही.

मोजमापासाठी आधी ठरलेल्या दिवशी मी नुसतीच मुंबईला जाऊन घरी आले, तर बाबा जिन्यातच उभे होते. “चालला?”

“चालला, बाबा.”

त्यांनी खाली जाऊन पेढे आणले आणि सगळ्या मजल्यांवर वाटले.

पदवी मिळाल्यावर कॉलेजनं सत्कार ठेवला. बाबा टोपी घालून पहिल्या रांगेत बसले होते. आमच्या विभागात एक प्राध्यापक होते, फार विनोदी, म्हणजे स्वतःच्या मते. चिपा गेल्या तेव्हा कॉलेजच्या पत्रानं घेतलेली मोजमापाची वेळ रद्द करण्यासाठी मला त्यांची सही लागली होती, आणि त्या वेळी रडतरडत मी त्यांना सगळं सांगून बसले होते. ते भाषणाला उठले. चार कौतुकाचे शब्द झाल्यावर म्हणाले, “मॅडमचं संशोधन इतकं पवित्र, की त्यांच्या घरी चिपांची साग्रसंगीत पूजा झाली! स्नान घालून, अंग पुसून, हळद-कुंकू लावून! सगळ्या चिपा एका दमात वैकुंठाला गेल्या!”

सभागृह खदखदून हसलं. बाबाही हसले. सगळे हसतात म्हणून, एक क्षणभर. मग मला त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तिथेच अडकलेलं दिसलं. ते मागेही जाईना आणि पुढेही येईना. तो माणूस बोलतच राहिला. त्याला मी आजही समोर आला तर ओळख देत नाही, आणि मरेपर्यंत देणार नाही.

रिक्षात बाबा बाहेर बघत होते. घर जवळ आल्यावर म्हणाले, “एकपन नाय राह्यला?”

मी नाही अशी मान हलवली.

“तू चालला म्हनालीस.”

“हो.”

“मी पेढे वाटले गो, बाय.”

मी त्यांचा हात धरायला गेले. त्यांनी तो मांडीखाली घेतला. मी खूप बोलले. म्हटलं, पदवी मिळाली ना, त्या चिपा अशाही वाया जाणारच होत्या, असल्या चिपा दहातल्या पाच निकामीच निघतात. ते ऐकत होते. मध्येच म्हणाले, “हलक्या हातानं पुसला होता मी.” आणि पुन्हा बाहेर बघायला लागले.

त्यानंतर ते बदलले. आजारी पडले नाहीत, चिडले नाहीत, कुणाला काही बोलले नाहीत. फक्त त्यांनी वस्तूंना हात लावणं सोडलं. आधी घरातला पंखा, नळ, मिक्सर काहीही बिघडलं की पाना घेऊन तेच पुढे व्हायचे. आता म्हणायचे, माणूस बोलव. माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी ते थांबायचे. वर्तमानपत्र माझ्या टेबलावर राहिलं तर मी घरी येईपर्यंत वाचत नसत. मी मुद्दाम त्यांना कामं सांगायला लागले, डबा उघडून द्या, बल्ब बसवा. ते म्हणायचे, “नको. माजा हात जड झालाय आता.” चहाच्या टपरीवर जाणंही सुटलं. विमानतळाचा विषय निघाला की ते उठून गॅलरीत जायचे.

मग मला मुलगी झाली. मला वाटलं, आता सुटेल. दवाखान्यात आले, पाळण्यापाशी उभे राहिले, हात पाठीमागे बांधलेले. मी म्हटलं, घ्या ना बाबा. ते म्हणाले, “एवढीशी हाय. थोडी घट्ट होऊ दे.” घरी आल्यावर पाळणा त्यांच्याच खोलीत टांगला. तासन्‌तास त्याची दोरी ओढत बसायचे, आईच्या ओव्या गुणगुणायचे. बाळ रडलं की मला हाक मारायचे. नवऱ्यानं एकदा हसत-हसत पोरीला सरळ त्यांच्या मांडीवर ठेवायचा प्रयत्न केला, तर ते घाबरून भिंतीला टेकले. “घे, घे, उचल तिला,” म्हणाले. नवरा ओशाळला. मी आत जाऊन रडले.

ती रांगायला लागल्यावर एकदा मी स्वयंपाकघरात होते. बाबांची हाक आली, दबक्या आवाजात. “बाय, लवकर ये.”

मी धावत गेले. बाबा जमिनीवर बसले होते. पोरगी आपणहून त्यांच्यापर्यंत रांगत गेली होती आणि तिनं त्यांचं बोट मुठीत धरलं होतं. ते हलत नव्हते. बोट मागे ओढत नव्हते, वळवतही नव्हते. डोळ्यांतलं पाणी पुसायला दुसरा हात मोकळा होता, पण तोही त्यांनी उचलला नव्हता.

“हिचा हात सोडव,” ते म्हणाले. “मना नाय जमायचा. कायतरी मोडंल.”

मी हात सोडवला नाही. त्यांच्या शेजारी बसून राहिले. “काही नाही मोडत, बाबा,” म्हटलं, दोनदा, तीनदा. ते मान हलवत होते आणि मला पुन्हा पुन्हा विनवत होते, सोडव गो, सोडव. शेवटी पोरीलाच कंटाळा आला. तिनं मूठ उघडली आणि दुसरीकडे वळली. बाबांनी बोट हळूच काढून घेतलं आणि हात पाठीमागे नेला.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी ते गेले. त्यांनी तिला उचलून घेतलं, असं एकदाही झालं नाही.